बिब्ब्याची खूण

“मग चाळीस बोचक्यांतून नेमकं एक कसं काढता, तात्या? तुम्हाला तर वाचता येत नाही.”

सदबातात्या कदमवाडीचे परीट. नदीकाठच्या त्यांच्या खोलीत भिंतभर फळ्या, आणि फळीफळीवर एकेका घरचे धुतलेले कपडे. विचारणारा तुषार. तालुक्याहून मामाकडे आलेला. दोन महिने संगणकाची जावा भाषा शिकला होता, आणि कुणाला सांगितल्याशिवाय त्याला चैन नव्हतं.

तात्यांनी उलट विचारलं, “तू कसं काढशील?”

“मॅप करीन. मॅप म्हणजे जोड्या. इकडे किल्ली, तिकडे वस्तू. पुट म्हटलं की जोडी आत गेली. गेट म्हणून किल्ली सांगितली की वस्तू हजर. चाळीस असोत की चार हजार, एकेक बोचकं सोडून बघायला नको.”

“किल्ली कशाची?”

“आडनावाची. तेवढं पुरे.”

“पुरे?”

“पुरे हो!”

तात्या एकेका फळीपाशी उभे राहून सांगू लागले. “कदम... कदम... कदम...”

तुषारची मान लॅपटॉपात. फळीचा नंबर चुकू नये एवढंच त्याचं बघणं.

“कदम,” चाळिसाव्या फळीपाशी तात्या म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

तेवढ्यात रेश्मा धापा टाकत आली. खांद्यावर बाराच दिवसांचं बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं. एक हात सारखा त्याच्या मानेखाली.

“तात्या, कुंची वाळली का हो? बारा वाजता बारसं आहे. माझ्या आईनं शिवलेली आहे, तीच घालायची आहे. आणि सकाळपासून ही दोनदा शिंकली...”

“थांबा वहिनी,” तुषार म्हणाला. “आडनाव?”

“कदम.”

त्यानं एक बटण दाबलं. “फळी चाळीस! बघा, डोळ्याचं पातं लवलं नाही.”

उडी मारून त्यानं चाळिसाव्या फळीवरून घडी काढली आणि ऐटीत रेश्मापुढे धरली.

लाल लंगोट. रंगराव पैलवानाचा.

रेश्मा बघतच राहिली. “हे घालू होय माझ्या लेकीला?”

तुषारनं घाईनं लॅपटॉपला विचारलं, मॅपमध्ये जोड्या किती? उत्तर आलं, एक.

“एक? मी चाळीस घातल्या ना!”

मग त्याच्या ध्यानात आलं. तीच किल्ली पुन्हा दिली की जुनी वस्तू जाते, नवी बसते. शिकवलं होतं, पण गावाच्या पाटीवर ‘कदमवाडी’ वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं.

“तात्या, तुम्हाला माहीत होतं!”

“तू म्हणालास, पुरे.”

रेश्माचे डोळे भरले. “अहो, साडेअकरा झाले...”

“वहिनी, बाळाचं नाव सांगा. त्यावरून शोधतो.”

“भाऊ, नाव ठेवायलाच तर कुंची हवी आहे!”

तात्या हसले. बाळाच्या दुपट्याचं टोक त्यांनी हलकेच उलटं केलं. आतल्या बाजूला तीन काळे ठिपके आणि एक रेघ.

अकराव्या फळीच्या कडेला तीच खूण कोळशानं काढलेली. तिथून त्यांनी कुंची उचलली. तिच्याही अस्तरावर तीन ठिपके, एक रेघ.

रेश्मानं कुंची आधी गालाला लावून पाहिली. कोरडी होती.

“तात्या, ही खूण...”

“बिब्ब्याची. प्रत्येक घराची वेगळी. साबणानं जात नाही.”

तुषारनं गुपचूप सगळं पुसलं. फळीफळीवरची खूण बघून पुन्हा घातलं. जोड्या किती? चाळीस. त्यानं ‘तीन ठिपके, एक रेघ’ विचारलं. फळी अकरा.

त्यानं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि तात्यांच्या पाया पडला. पैलवानाचा लंगोट अजून काखेतच होता.

रेश्मा उंबऱ्याशी थांबली. “दोघंही या हं घुगऱ्या खायला. नाव ठरलंय. आराध्या.”

तुषार दचकला. “वहिनी, नको! मामाच्याच आळीत चार आराध्या आहेत. गोंधळ होईल.”

रेश्माचा चेहरा पडला. तिनं तात्यांकडे पाहिलं.

तात्या बाळाकडे बघत होते. कुणी बोललं की ते आवाजाकडे डोळे फिरवत होतं... तुषार बोलला, तिकडे. रेश्मा बोलली, तिकडे, आणि तिथेच राहिलं.

“असू देत की चार,” तात्या म्हणाले. “तू हाक मार, पोरी. वळेल ती तुझी.”