केळुसकर सरांचा एसी

एम.ए.च्या तोंडी परीक्षेला केळुसकर सर म्हणजे नुसती दहशत! त्यात ऋजुताने प्रबंधात लिहिलेलं की आर्थिक वाढ खालपर्यंत पोचवायला सरकारी धोरण लागतं. सर भडकलेच.

"कशाला हवंय धोरण? वर वाढ झाली की खाली आपोआप झिरपते! तुझं म्हणणं सिद्ध कर, नाहीतर नापास."

सर एसीत चक्क शाल पांघरून बसलेले आणि बाहेर व्हरांड्यात पोरं घामाघूम. ऋजुता उठली आणि तिने दार सताड उघडलं.

"हे काय गं?"

"सर, एसी सकाळपासून चालू आहे, पण बाहेर गारवा आपोआप पोचला नाही. दार उघडावं लागलं. तेच धोरण!"

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "आहाहा, काय गार लागतंय रे!"

सरांनी शाल काढून ठेवली. "जा, पास झालीस. आणि दार राहू दे तसंच."