म्हाळूने बायको आणली

चिंचखेड नावाच्या गावात एक भोळा जावई होता, म्हाळू. जावई आपला सासरी. गावात नुसताच भोळा.

त्याची बायको पारू रुसून माहेरी गेली होती. सासऱ्यांचा निरोप आला, "बुधवारपर्यंत न्यायला या, न्हाईतर पोरगी नांदायला धाडणार न्हाई." म्हाळूचा पारूवर भारी जीव. त्याला अन्न गोड लागेना.

फाट्यावरून नवी बिनड्रायव्हरची बस सुटत होती. सोमवारी म्हाळू तिच्यात चढला. पुढे बघतो तर चालवणाराच नाही! "च्या प्यायला गेला असंल," म्हणत तो उतरला आणि टपरीवर एकेकाला विचारत सुटला. बस निघून गेली.

आईने कपाळावर हात मारला. "आरं, तिला ड्रायव्हर नसतोच! चालवतंय कोण ते बघायचं न्हाई. दार उघडं दिसलं की चढायचं."

मंगळवारी फाट्यावर एका टेम्पोचं मागचं दार उघडं होतं. म्हाळू चढला. आत शेळ्या होत्या. टेम्पो थेट बाजारात गेला. तिथे एका गिऱ्हाइकाने म्हाळूचीही पाठ चाचपून पाहिली.

"बस हिरवी असती रे माझ्या राजा!" आई रडकुंडीला आली. "हिरवी दिसंल तीच आपली. आन् ती कुणासाठी थांबत न्हाई. दार उघडलं की मागं बघायचं न्हाई."

बुधवारी हिरवी बस आली. आत एक आजी डोळे गच्च मिटून रामनाम घेत होती. एक पैलवान दोन्ही हातांनी दांडा आवळून बसला होता. एकटा म्हाळू निवांत. चालवतंय कोण, हे त्याला बघायचंच नव्हतं. तो वेळेत सासरी पोचला. त्याला बघून पारूचा रुसवाही पळाला.

परतीच्या बसवर सोडायला सासूसासरे आले. पारू लाल साडीत, सासूबाई हिरव्या लुगड्यात, हातात लेकीला द्यायचा पापडांचा डबा. बस आली. दार उघडलं. पारू वडिलांच्या पाया पडायला वाकली. म्हाळूने हिरवं लुगडं पाहिलं, सासूबाईंचा हात धरला आणि मागे न बघता त्यांना आत ओढलं. दार लागलं.

"अवो ड्रायव्हर, थांबवा की!" सासूबाई ओरडल्या. पण ऐकायला होतं कोण?

इकडे आई सुनेला ओवाळायला ताट घेऊन दारात उभी. बघते तर म्हाळूच्या मागे विहीणबाई, डब्यासकट!

"आरं म्हाळ्या, हे काय केलंस?"

"हिरवी ती आपली," म्हाळू खुशीत म्हणाला. "लाल हुती, ती तिथंच ठिवली."