विहीर कुणी नासवली?

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या पाठीमागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठीही आहे. खाडीकाठच्या एका गावात आबाशेट नावाचा जमिनींचा व्यापारी राहत होता. पडीक जमिनी घ्यायच्या, साफ करायच्या आणि चांगल्या भावाने विकायच्या, हा त्याचा धंदा.

त्याच्याकडे एक सपाट, मोकळी जमीन होती. मधोमध विहीर. पण उन्हाळा लागला की खाडीचं पाणी आत झिरपायचं आणि विहीर खारट व्हायची. हे आबाशेटला पक्कं ठाऊक होतं.

ऐन थंडीत रंगाऱ्यांची दहा कुटुंबं जागा शोधत आली. कापड रंगवायला गोडं पाणी लागतं, म्हणून त्यांची म्होरकी येसाक्का आधी विहिरीपाशी गेली. आबाशेटने स्वतः पोहरा ओढला.

"चाखून पाहा, आक्का."

पाणी गोड होतं. सौदा झाला. 'मी कुठे खोटं बोललो?' आबाशेट मनाशी म्हणाला.

चैत्र आला आणि विहीर खारट झाली. रंग कापडावर धरेना. लग्नसराईची लुगडी डागाळली, गिऱ्हाइकांनी ती परत आणून टाकली.

एका सकाळी येसाक्का आबाशेटच्या दारात उभी राहिली. तो चरकला. पण तिने हात जोडले.

"शेट, तुमची विहीर आम्ही नासवली. माझ्या सुनेनं, सुंद्रानं, रंग पक्का करायचं मिठाचं पाणी काठावर ओतलं. एवढी चांगली जागा तुम्ही दिलीत, आम्हाला राखता आली नाही. माफी करा."

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण आबाशेट म्हणाला, "असू द्या. होतं असं."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

वीसेक दिवसांनी तो त्या वाटेने चालला होता. कोसभर लांबच्या झऱ्यावरून सुंद्रा एकटीच पाण्याचे हंडे आणत होती. तिचे पाय भाजत होते. अंगणात येसाक्का आणि इतर बायका होत्या, पण हंडा उतरवायला कुणी हात लावला नाही. कुणी तिच्याशी बोलतही नव्हतं. आबाशेट पुढे झाला.

ती मागे सरकली. "राहू द्या शेट. चूक माझी आहे, तर ओझंही माझंच."

आबाशेटला तिथे उभं राहवेना. मान खाली घालून तो म्हणाला, "हिची चूक नाही. ही विहीर दर उन्हाळ्यात खारट होते. मला माहीत होतं. म्हणूनच मी जमीन थंडीत विकली."

 येसाक्काने पदरात तोंड लपवलं. मग हळूच म्हणाली, "जमिनीचं काहीतरी करता येईल, शेट. पण इतके दिवस आम्ही या पोरीशी बोललो नाही, ते कसं भरून द्याल?"



झऱ्याकाठची आपली बाग आबाशेटने त्या जमिनीच्या बदल्यात रंगाऱ्यांना देऊन टाकली. रंग पुन्हा धरू लागले. काही वर्षांनी येसाक्का त्याला रामराम करू लागली. सुंद्राने मात्र कधी केला नाही. ती वाकडंही बोलली नाही. ती समोरून आली की आबाशेट वाटेच्या कडेला थांबायचा, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत त्याची नजर वर होत नसे.

व्यवहारात माहीत असलेला दोष लपवणं म्हणजे खोटं बोलणंच, आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा निरपराध माणूस भोगतो.