चुलीवरची कौले

एकदा एका म्हाताऱ्या सुताराला शेजारच्या गावातल्या एका गृहस्थाचा निरोप आला. घराची कौले काढून पत्रा घालायचा आहे, पाहून जा. चैत्राचे दिवस होते. सुतार आपल्या शिष्याला घेऊन निघाला. शिष्य तिशीचा, कामात तरबेज, पण उतावळा.

घरात गृहस्थ एकटाच होता. पत्नीला जाऊन चार वर्षे झाली होती. दोन वेळचा डबा खानावळीतून येई. ओटीवर एकच खुर्ची होती. पाहुण्यांसाठी तो आतून दुसरी आणायला गेला, तर तिच्यावर ठेवलेली गाठोडी उतरवण्यातच बराच वेळ गेला.

"गळतं कुठे?" सुताराने विचारले.

"कुठे गळत नाही ते विचारा, मेस्त्री. पावसाळाभर माजघरात पातेली मांडून बसतो. सगळंच काढा. पत्रा एकदा ठोकलात, की मरेपर्यंत कोणाला वर चढवायला नको."

"शाकारणी करता ना?"

त्या भागात दरवर्षी पावसाआधी कौले उतरवून वरून घासतात, फुटकी बदलतात आणि पुन्हा बसवतात. तिला शाकारणी म्हणतात. शेजारची माणसे हाताखाली येतात, आणि घरचा माणूस त्यांना जेवू घालतो.

"ती होती तोवर होत होती," गृहस्थ म्हणाला.

शिष्याने शिडी लावायला घेतली. सुताराने त्याला थांबवले आणि तो सरळ स्वयंपाकघरात गेला. चुलीत कोळ्यांनी जाळी विणली होती. त्याने ती हाताने बाजूला केली, नारळाच्या सालींची ओलसर सोडणे रचून पेटवली आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या.

"मेस्त्री, छप्पर वर आहे," शिष्य हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे मला. तू अंगणात जाऊन त्याच्याकडे बघत राहा."

थोड्या वेळाने कौलांच्या फटींतून धुराच्या बारीक रेघा निघू लागल्या. माजघरावर मात्र एका जागी धुराचा लोट उठला. शिष्याने ती जागा नीट लक्षात ठेवली.

तेवढ्यात शेजारची अनसूया हातात पाण्याची कळशी घेऊन धावत आली. "आप्पा, आग लागली की काय?"

गृहस्थ डोळे पुसत दारात आला. "नाही गं. मेस्त्रींनी चूल पेटवली."

ती धापा टाकत उभी राहिली. मग कळशी खाली ठेवून म्हणाली, "या घरातून धूर निघालेला चार वर्षांत बघितला नाही, म्हणून घाबरले."

धूर निवळल्यावर सुताराने सगळ्यांना आत बोलावले आणि वर पाहायला सांगितले. चुलीवरचे वासे काळेभोर होते. त्याने काठीने ठोकले, तर टणक आवाज आला. माजघरातल्या एका वाशावर ठोकले, तर पिवळा भुसा झरला.

"धूर होता तोवर किडा लाकडाला लागत नव्हता," तो म्हणाला. "चूल थंड झाली, आणि त्याला वाट मोकळी झाली. पत्रा मीही पुष्कळ घरांवर घातला आहे, पत्र्याशी माझं वैर नाही. पण तो याच वाशांवर बसणार. पोखरलेल्या वाशावर नवा पत्रा घातलात, तर वादळात वाशासकट जाईल. काय खराब झालं आहे आणि कशामुळे, ते आधी पाहावं. तुमचा एक वासा गेला आहे, वर काही कौलं सरकली आहेत. बाकीची तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकतील. चार वर्षं त्यांना कोणाचा हात लागलेला नाही, एवढंच."

गृहस्थ खाली पाहत राहिला. "माणसं बोलावली, तर त्यांना जेवायला कोण घालणार, मेस्त्री?" तो म्हणाला. "त्या लाजेने बोलावलं नाही कोणाला."

"भात तरी येतो ना शिजवायला?" अनसूयेने विचारले.

"लागतो खाली थोडा."

"लागू दे. आमच्याकडच्यांना सवय आहे. आमटी मी आणते."

पुढच्या आठवड्यात कौले उतरली आणि वासा बदलला. अंगणात चार-पाच माणसे बसून वरचे शेवाळ घासत होती. शिष्याच्या हाती चुलीवरचे कौल आले. त्याची आतली बाजू काजळीने काळी झाली होती. त्याने ते उलटून घासणी टेकवली.

गृहस्थ भाताकडे पाहायला निघाला होता. तो थांबला.

"ती बाजू राहू दे," तो म्हणाला. "तीस वर्षांचा तिचा स्वयंपाक आहे तो."

शिष्याने घासणी बाजूला ठेवली. शिडी चढून ते कौल त्याने होते तसेच, काळी बाजू घराकडे करून, पुन्हा बसवले. आतून भात लागल्याचा वास येत होता.