आवाज करील तो बाहेर

माझी लेक सलोमी चर्चच्या मंडळीत सगळ्यांत शांत, हे सांगून दमले मी, पण कुणाला पटेल तर शपथ! पोरीला बोलता येत नाही, उपासनेत एखाद्या वेळी हुंकारते, एवढंच. तर मंडळीचे पंच शमुवेल अमोलिक गरजले, "आवाज करील त्यानं बाहेर चिंचेखाली बसावं!"

"नियम सगळ्यांना ना, पंच?"

"सगळ्यांना!"

रविवारी मी दारातच उभी राहिले. खोकले ते बाहेर, गायले ते बाहेर. पेटीवाला गेला, उपदेश करता करता पाळकबाबाही गेले. "हे काय चाललंय?" म्हणून पंच ओरडले, त्यांनाही काढलं. आत एकटी सलोमी, गप्प.

तेवढ्यात बिशपसाहेब आले. मी त्यांना पंचांचा नियम सांगितला. "ही पोर आता पुढच्या बाकावर बसेल. पण असला नियम केला कुणी?"

चिंचेखालून अख्खी मंडळी एका सुरात म्हणाली, "शमुवेल अमोलिक!"