पाट्याचं गोत्र

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या मिरवणुकीत मानसिंगराव गरजले, "दिगंबरपंत, तुमची स्वस्तातली गाडी रांगेतून बाहेर काढा! माझी उंची गाडी पार सांगाड्यापासून वेगळ्या गोत्राची!"

पंतांच्या वडिलांनी लेकरासारखी जपलेली गाडी ती! पंतांची मान खाली गेली. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाईंना संकष्टीचा उपवास होता, तरी राग आवरेना.

"आम्ही काढतो हो, भावोजी. पण सकाळी तुमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तेव्हा आमच्या गाडीचा जादाचा नेऊन बसवलात. परक्या गोत्राचा पाटा बसला कसा? आधी तो काढून द्या!"

पाटा काढला तर गाडी जागची हलणार नव्हती. लोक खदखदून हसले.

"राहू द्या, वहिनी. शेजारीच चालवू."

"शेजारी नाही. आमची पुढं. पाटा देणारं घर थोरलं!"