टुमकी बेडकी आणि शेंडीचा बोळा

एक होती बेडकी. एवढीशी! अंगठ्याएवढी. तिचं नाव टुमकी.

कुंदाकाकूच्या परसात अळू होतं. न्हाणीच्या मोरीचं पाणी पाइपातून बाहेर यायचं. पाइपातून पाटात, पाटातून अळवात. खळखळ, खळखळ! अळवाची पानं ही एवढाली. सगळ्यात मोठ्या पानाखाली टुमकीचं घर. गार गार सावली. ओली ओली माती.

आणि एक दिवस सावली गेली! चैत्र जवळ आला, ऊन तापलं, पाणी येईना. पानांनी माना टाकल्या. टुमकीची पाठ भाजायला लागली. चरचर, चरचर!

पाणी का बरं येईना? कुणालाच कळेना. एकट्या टुमकीला माहीत होतं.

थंडीत पाइपातून वारा यायचा. हुडहुड, हुडहुड! मग टुमकीने काय केलं? नारळाची शेंडी आणली. तिचा गोल बोळा केला. आणि दिला पाइपाच्या तोंडात कोंबून! "झाली माझी गादी," म्हणाली. थंडी संपली, शिमगा झाला, तरी बोळा तिथंच. त्यात अडकले केस. त्यात अडकली शितं. त्यात अडकला साबण. बोळा फुगला, पाइप बंद! टुमकीने ओढून पाहिला. ऊं हूं! हलेचना.

आता कुणाला सांगायचं? छे, छे! सगळे काय म्हणतील? टुमकीला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की ती गप्पच बसली.

पण पाठ भाजते, त्याचं काय? टुमकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. गेली अळवाकडे.

"अळूमावशी, अळूमावशी, डोल ना!
अळू डोलेना,
टुमकीला सावली मिळेना!"

अळू म्हणालं, "पाट वाहेल, तर मी डोलेन." मग हळूच म्हणालं, "माझंच चुकलं का गं? मी फार पाणी प्याले का?"

टुमकीला सगळं माहीत होतं. पण सांगेना. मान खाली घातली आणि निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. गेली पाटाकडे. पाट कोरडा ठणठणीत. त्यातून मुंग्या चालल्या होत्या.

"पाटदादा, पाटदादा, वाह ना!
पाट वाहेना,
अळू डोलेना,
टुमकीला सावली मिळेना!"

पाट म्हणाला, "मोरी सुटेल, तर मी वाहीन." मग हळूच म्हणाला, "माझंच चुकलं का गं? माझ्यात माती साचली का?"

टुमकीला सगळं माहीत होतं. पण सांगेना. मान खाली घातली आणि निघाली. वाटेत पाइप होता. त्याला विचारायचं नाही का? अहो, त्याच्या तोंडात बोळा! तो बिचारा काय बोलणार? टुमकीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. गेली मोरीकडे. मोरी काठोकाठ तुंबलेली. वर डास घोंगावत होते. गुंगुंगुं!

"मोरीबाई, मोरीबाई, सूट ना!
मोरी सुटेना,
पाट वाहेना,
अळू डोलेना,
टुमकीला सावली मिळेना!"

मोरी म्हणाली, "काठी हलेल, तर मी सुटेन." मग हळूच म्हणाली, "माझंच चुकलं का गं? जो येतो तो नाक दाबतो. मीच मेली खादाड!" आणि मोरी रडली. गुडुप, गुडुप!

टुमकीला सगळं माहीत होतं. पण सांगेना. हिरवीगार टुमकी पार पिवळी पडली. मान खाली घातली आणि निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. गेली काठीकडे. काठी कोपऱ्यात तोंड लपवून उभी.

"काठीताई, काठीताई, हल ना!
काठी हलेना,
मोरी सुटेना,
पाट वाहेना,
अळू डोलेना,
टुमकीला सावली मिळेना!"

काठी म्हणाली, "काकू उठेल, तर मी हलेन." मग हळूच म्हणाली, "माझंच चुकलं का गं? तीन दिवस मोरीत ढोसतेय. ढुस ढुस! माझं टोक मोडलं, तरी काही निघेना. मीच आखूड!"

टोक खरंच मोडलं होतं. टुमकीने बघितलं आणि डोळे मिटून घेतले. अरे देवा! तिला सगळं माहीत होतं. पण सांगेना. मान खाली घातली आणि निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. गेली काकूकडे.

त्या दिवशी होता पाडवा. दारात गुढी उभी होती. बाळाच्या आंघोळीसाठी काकूने कडुलिंबाची पानं घालून पाणी तापवलं होतं. पण आंघोळ घालणार कुठे? न्हाणीत उभं राहायला जागा नाही! पाणी निवत चाललं होतं. बाळाचं अंग तेलाने चिकचिक करत होतं आणि बाळ रडत होतं. ट्यांहां, ट्यांहां!

"कुंदाकाकू, कुंदाकाकू, ऊठ ना!
काकू उठेना,
काठी हलेना,
मोरी सुटेना,
पाट वाहेना,
अळू डोलेना,
टुमकीला सावली मिळेना!"

काकू म्हणाली, "बाळ हसेल, तर मी उठेन." मग हळूच म्हणाली, "माझंच चुकलं का गं? मीच चहाचा चोथा मोरीत जाऊ दिला असेन. सणासुदीचं लेकरू बिनआंघोळीचं! मी कसली गं आई?" आणि काकूने पदराने डोळे पुसले.

काकूचे डोळे ओले! टुमकी एक पाऊल मागे सरली. तिला सगळं माहीत होतं. सांगावं? नको. सांगावं? नको बाई! टुमकीने मान खाली घातली. आता कुठे जायचं? बाळ तर तिथंच होतं. एकच उडी. टुपुक!

"बाळा रे बाळा, हस ना!
बाळ हसेना,
काकू उठेना,
काठी हलेना,
मोरी सुटेना,
पाट वाहेना,
अळू डोलेना,
टुमकीला सावली मिळेना!"

बाळाने रडणं थांबवलं. टुमकीकडे टकाटका बघितलं. आणि बोट नाचवून म्हणालं, "बेदूक बोलेल, तल मी हशेन! दलाँव कल!"

हात्तिच्या! एवढंच? टुमकीने तोंड उघडलं. पण आवाजच येईना! पुन्हा उघडलं. येईना! पाइपात बसला होता, तसाच बोळा टुमकीच्या घशात बसला होता. बाळाचे ओठ पुन्हा थरथरायला लागले. काकूचे डोळे पुन्हा भरले. सगळे टुमकीकडे बघत होते.

बाळ का हसेना? बेडूक बोलेना.
बेडूक का बोलेना? टुमकी सांगेना!

टुमकीने डोळे घट्ट मिटले. मोठ्ठा श्वास घेतला. आणि,

"डराँव! डराँव! बोळा मी घातला! शेंडीचा बोळा, पाइपाच्या बाहेरच्या तोंडात! माझंच चुकलं! डराँव!"

बाळाचं बोट हवेतच राहिलं. गुढीसुद्धा हलेना.

काकूने डोळे वटारले. "काय गं ए? मी तीन दिवस आतून ढोसतेय, आणि बोळा बाहेर?"

"हो," टुमकी म्हणाली. एवढीशी होती, ती आणखी एवढीशी झाली.

तेवढ्यात बाळ हसलं! "दलाँव! दलाँव!" खदाखदा हसलं, टाळ्या पिटून हसलं. मग काकूलाही हसू आलं. रागावायचं होतं हो तिला, पण राहून गेलं.

बाळ हसलं, काकू उठली.
काकू उठली, काठी हलली.
परसात गेली, बोळ्यात अडकली. ओढला, ओढला, पॉक! निघाला बोळा!
मोरी सुटली. भस्सस्स!
पाट वाहिला. खळखळ, खळखळ!
अळू डोललं. डुलुडुलु, डुलुडुलु!

न्हाणी मोकळी झाली. काकूने पाणी पुन्हा तापवलं आणि बाळाला कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. तेच पाणी पाटातून पळत आलं.

आणि टुमकी? टुमकी उन्हातच बसली होती. सावलीत जायला तिला लाज वाटत होती. मग ती उठली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

काठीला म्हणाली, "तू आखूड नाहीस. माझं चुकलं."
मोरीला म्हणाली, "तू खादाड नाहीस. माझं चुकलं."
पाटाला म्हणाली, "तुझ्यात माती नाही. माझं चुकलं."
अळवाला म्हणाली, "तू फार पाणी प्यायली नाहीस. माझं चुकलं."
आणि काकूला म्हणाली, "काकू, तू छान आई आहेस."

काकूने ओंजळभर पाणी घेतलं आणि टुमकीच्या भाजलेल्या पाठीवर हळूच सोडलं. हाऽऽ! किती गार!

अळवाने मोठं पान खाली वाकवलं. "बोललीस ना? मग ये की आता घरी." टुमकी सावलीत गेली. ओल्या मातीत पोट टेकलं. आणि तिने मान वर केली.

आता दरवर्षी शिमगा झाला की टुमकी आधी पाइपात डोकावते. केस नाहीत ना? शितं नाहीत ना? बोळा नाही ना? मग जोरात ओरडते, "डराँव!" आतून बाळ ओरडतं, "दलाँव!" आणि काकू मोरीवर जाळी ठेवते.

बोळा सुटला, पाणी पळालं, गोष्ट आमची वाहून गेली. खळखळ, खळखळ!